खाली बसलेला तट

एक होता तट. राजा नव्हे, तट! दूर भूमध्य समुद्राच्या काठी कास्तेरा नावाचं जुनं बंदर होतं, त्याला वेढा घालून तो उभा होता. जाडजूड, पिवळ्या दगडांचा, बुरुजांचा. आणि बरं का, तो जिवंत होता. गावातल्या थोरल्यांनी "ऊठ!" म्हटलं, की हातभर उंच व्हायचा.

आता थोरले म्हणजे कोण? तीन म्हातारे. नगरशेठ, तटाचा कारभारी आणि नेरीना नावाच्या मुलीचे आजोबा. तिघांनाही चाच्यांची भारी भीती. चाचे म्हणजे समुद्रावरचे दरोडेखोर. जन्मात एकाने चाचा पाहिला असेल तर शपथ! पण लांब एखादं शीड दिसलं, की लागले ओरडायला, "ऊठ! ऊठ!" भित्रेपणाला ते अनुभव म्हणायचे.

मग तट इतका वाढला, इतका वाढला, की गावात वारा शिरेना. धुणं वाळेना, मासळी सुकेना. आणि एके सकाळी गावातला घंटेचा मनोराच तटाआड गेला. समुद्रावरून दिसेना.

हे आधी ध्यानात आलं ते नेरीनाच्या. तिचे बाबा मासेमारीला गेले होते, दुपारी परतायचे होते. बंदराच्या तोंडाशी पाण्याखाली खडक होते. मनोरा नाकासमोर धरून होडी हाकली तरच ती सुखरूप आत यायची. नाहीतर तिचे तुकडे! त्यातून बाहेर वारा असा सुटलेला, की थांबायचीही सोय नाही.

मग ती नगरशेठकडे धावली. तो ऑलिव्ह खात बसला होता.

"शेठजी, तट खाली घ्या! बाबा येतायत!"

"माझ्या बापाच्या वेळेपासून चढत आलेला तट मी उतरवू? लोक काय म्हणतील?"

मग ती कारभाऱ्याकडे धावली.

"सोमवारी बैठक आहे, तेव्हा बघू."

"पण बाबा आज येतायत!"

"मग त्याने सोमवारी यायचं होतं."

मग ती आजोबांकडे धावली. "आजोबा, तुमचाच मुलगा आहे तो!"

"मला शिकवतेस? हे केस उन्हाने पांढरे नाही झाले."

"नाही, भीतीने झालेत!" नेरीना म्हणाली, आणि पळाली ती थेट तटाच्या पायऱ्या चढत. तिला धरायला आजोबा मागे, त्यांच्यामागे कारभारी, त्याच्यामागे धापा टाकत नगरशेठ.

वर पोचल्यावर नेरीनाने दगडाला हात टेकला. दगड थरथरत होता. आतून कण्हल्यासारखा आवाज आला.

"काय झालं रे तुला?" तिने विचारलं.

"पाय दुखतात गं पोरी," तट म्हणाला.

"मग बस की!"

"हे नुसतं ऊठ म्हणतात. बस असं कुणी म्हटलंच नाही."

"मी म्हणते. बस आता. खरंच चाचे आले तर हाक मारीन, तेव्हा ऊठ."

"अरे, पोरासोरांचं ऐकतोस?" कारभारी खेकसला.

"तिने विचारपूस केली," तट म्हणाला. "तू कधी केलीस?"

आणि तट बसला. कसा? पोटभर जेवल्यावर तुम्ही फतकल मारता ना, तसा. धप्प! तिन्ही म्हातारे आपटले, टोप्या उडाल्या. समोर बघतात तर समुद्र, आणि बाबांची होडी सरळ खडकांवर चाललेली! आजोबा धडपडत उठून दोन्ही हात हलवू लागले. तेवढ्यात बाबांना मनोरा दिसला. त्यांनी सुकाणू गर्रकन फिरवलं. होडी खडकाला चाटून गेली आणि सुळ्ळकन आत आली.

आजोबांनी डोळे पुसले, टोपी झटकली आणि म्हणाले, "मी आधीपासून हेच सांगत होतो."

घ्या! नेरीना इतकी हसली, की तटही हसला आणि त्याच्या भेगांतली कबुतरं भुर्रकन उडाली.

मग गावाने एक नियम केला. ज्याला तट उंच हवा, त्याने आधी स्वतः दिवसभर भर उन्हात उभं राहायचं. काय सांगू, तेव्हापासून कुणालाच तट उंच हवासा वाटला नाही! संध्याकाळ झाली की सगळं गाव तटावर पाय सोडून बसायचं, वारा खायचं. म्हातारेसुद्धा. चाचे काही आले नाहीत. सगळे मजेत राहिले.

आता तट पेंगला, गाव पेंगलं, कबुतरंही पेंगली. चला, पांघरुणं ओढा आणि मिटा डोळे.