केरबाची भाग्यपत्रिका

हुंबरगाव नावाच्या गावात, तिथल्या कॉलेजात, केरबा नावाचा एक भोळा शिपाई होता. भोळा म्हणजे किती? "फोन धर, आलोच," म्हणून प्राचार्य एकदा बाहेर गेले आणि तसेच घरी गेले. केरबा संध्याकाळपर्यंत फोन धरून उभा.

त्याचा जीव एकाच गोष्टीत होता. तालुक्यातल्या कॉलेजांची फुटबॉल स्पर्धा. दर वर्षी आठ दिवस ती हुंबरगावच्या मैदानावर व्हायची. मैदान आखणं, जाळ्या बांधणं, खेळाडूंना लिंबू कापून देणं, सगळं केरबाकडे. पण स्पर्धेत एक खोट होती. अंतिम सामना कोणी खेळायचा ते तीन पंच चहा पिता पिता ठरवत, आणि चहा संपेपर्यंत हुंबरगाव आणि बोरपेठ हीच दोन नावं निघत. खडकेवाडीची पोरं सगळे सामने जिंकूनही घरी जात. गेल्या वर्षी ती चिडली आणि मैदानात खुर्च्या उडाल्या.

अध्यक्ष आप्पासाहेबांनी ठणकावून सांगितलं, "यंदा न्यायाने खेळवा. एक जरी खुर्ची उडाली, तर स्पर्धा कायमची बंद."



क्रीडाशिक्षक घोरपडे सरांनी त्याला हाक मारली. "केरबा, यंदा बाद फेरी. तालुक्यातल्या सगळ्या कॉलेजांची भाग्यपत्रिका तयार करून आण."

भाग्यपत्रिका म्हणजे कोणाचा सामना कोणाशी, ते मांडलेला कागद. पण हे सरांनी सांगितलं नाही आणि केरबाने विचारलं नाही. "व्हय सर," तो म्हणाला. विसरू नये म्हणून त्याने रुमालाला गाठ मारली आणि तडक जोशीबुवांचं घर गाठलं. दोन दिवसांनी आला.

"सर, पत्रिका झाल्या. आपलं आन् बोरपेठचं छत्तीस गुण जुळत्यात. पण खडकेवाडीला कडक मंगळ हाय. समोरच्याचं वाटोळं व्हईल."

सरांनी कपाळाला हात लावला. "अरे लेका, लग्न लावायचंय का त्यांचं? चिठ्ठ्या टाक. डोळे मिटून उचल. डोळे मिटून केलं की कुणावर अन्याय होत नाही. एखादा उरला तर त्याला न खेळता पुढे चाल दे."

"व्हय सर." दुसरी गाठ.

सगळी कॉलेजं म्हणजे सगळी. केरबाने नऊ चिठ्ठ्या लिहिल्या. आठ फुटबॉल खेळणाऱ्यांच्या आणि नववी मुलींच्या शिवण महाविद्यालयाची. नेमकी तीच शेवटी उरली. केरबाने सामन्यांच्या फळ्याच्या तळाशी लिहिलं, 'शिवण महाविद्यालय: पुढे चाल'. फळ्याचा तळ कोण वाचतो?

मग मैदान आखायचं होतं. केरबाला गाठ आठवली. त्याने फक्कीचं घमेलं उचललं, डोळे मिटले आणि निघाला. मधली रेघ मंडपात शिरली, आप्पासाहेबांच्या खुर्चीला वळसा घालून बाहेर पडली आणि शेजारच्या शाळूत नाहीशी झाली.

"केरबा! हे काय?"

"अन्याय नगं म्हणून डोळं मिटलं, सर."

"अरे, मैदान उघड्या डोळ्यांनी आखायचं! दोन्ही बाजू अगदी सारख्या झाल्या पाहिजेत. तसूभर फरक नको."

"व्हय सर." तिसरी गाठ.

पहिल्याच सामन्यात खडकेवाडीने बोरपेठला चार गोल मारले आणि एकही खाल्ला नाही. गुणफलक केरबाकडे होता. त्याने सुंदर अक्षरात लिहिलं, खडकेवाडी चार, बोरपेठ चार. खडकेवाडीची पोरं उसळली. दोघांनी खुर्च्यांना हातही घातला. सरांनी त्या कशाबशा खाली ठेवायला लावल्या.

"बोरपेठला चार कुठनं आले रे?"

"दोन्ही बाजू सारख्या, सर. तसूभर फरक नगं."

"अरे, खेळात कुणीतरी हरणारच! हरला की तो बाद. त्याचं नाव पुसून टाकायचं. मग तो कितीही मोठा असो."

"व्हय सर." चौथी गाठ.

दुसऱ्या दिवशी स्वागताच्या फळ्यावर आप्पासाहेबांचं नाव नव्हतं. ओल्या फडक्याने लख्ख पुसलेलं होतं.

"माझं नाव कुठाय?" आप्पासाहेब म्हणाले.

"तुमी मागच्या निवडणुकीला पडलासा नव्हं, साहेब?" केरबा मनापासून हळहळला. "म्हंजे बाद."

सरांनी त्याला मंडपामागे नेलं आणि चक्क हात जोडले. "बाबा रे, निवडणूक वेगळी, फुटबॉल वेगळा. फुटबॉलमध्ये हरला तोच बाद. हरला नाही तो स्पर्धेत. एवढंच धर."

पाचवी गाठ बसली. आता रुमाल कमी आणि गाठीच जास्त झाल्या होत्या.

स्पर्धा मात्र खरंच न्यायाने चालली. खडकेवाडी पहिल्यांदाच अंतिम सामन्यात आली. समोर हुंबरगाव. वेळ संपली तेव्हा दोन-दोन. पेनल्टीतही बरोबरी. सरांनी माईकवरून नियम वाचला, "ज्या संघाने स्पर्धेत सर्वांत कमी गोल खाल्ले, चषक त्याचा!"

मोजले. दोघांनीही तीन-तीन खाल्ले होते. मग आपण खाल्लेला तिसरा गोल खरा की खोटा यावरून गलका सुरू झाला, आणि बघता बघता पन्नास खुर्च्या डोक्यांवर उचलल्या गेल्या. केरबाला रडूच फुटलं. संपली स्पर्धा. आता पुढच्या वर्षी लिंबू कुणासाठी कापायचे?

"केरबा, चषक घेऊन पळ!" सर ओरडले. "ज्याचा आहे त्यालाच मिळाला पाहिजे!"

केरबा चषक घेऊन फळ्यापाशी आला. हुंबरगाव, तीन. खडकेवाडी, तीन. बोट खाली खाली गेलं. शिवण महाविद्यालय, तीन फेऱ्या, तिन्ही वेळा पुढे चाल. हरलं नाही, म्हणजे स्पर्धेत. गोल खाल्ले शून्य. केरबाने डोळे पुसले आणि सायकलवर टांग टाकली.

"चषक चालला!" कोणीतरी ओरडलं. खुर्च्या जागच्या जागी खाली आल्या. दोन्ही संघ, पंच, सर, आप्पासाहेब, सगळे सायकलच्या मागे धावले. तीन मैल. पोचले तेव्हा भांडायला कुणाच्या अंगात त्राण नव्हतं. पायरीवर प्राचार्या गोदूताई गळ्यात टेप घालून उभ्या होत्या, हातात चषक, आणि मुली टाळ्या वाजवत होत्या.

"अरे, यांनी एक तरी सामना खेळलाय का?" आप्पासाहेबांनी धापा टाकत विचारलं.

"न्हाई साहेब. म्हणून तर एक बी गोल खाल्ला न्हाई."

पहिल्यांदा खडकेवाडीचा गोलरक्षक हसला. मग हुंबरगावचा. मग दोन्ही संघ एकमेकांच्या अंगावर पडून हसले. आप्पासाहेबांनी आठवून पाहिलं. एकही खुर्ची उडाली नव्हती. "चालू द्या स्पर्धा," ते म्हणाले, आणि केरबा पुन्हा रडला, या वेळी आनंदाने.

"बरं, आता चषक परत माग," सर हळूच म्हणाले.

केरबाने पाचवी गाठ दाखवली. "आसं कसं, सर? आदी त्यांस्नी हरवा."

तेव्हापासून दर वर्षी स्पर्धा होते, न्यायाने होते, आणि जिंकलेला संघ गोदूताईंच्या दारात जाऊन सामना मागतो. "सध्या झबल्यांची ऑर्डर आहे, सवड नाही," गोदूताई सांगतात. चषकात रिळं आहेत. आणि केरबा फळ्याच्या तळाशी सुंदर अक्षरात लिहितो, 'पुढे चाल'.