इंजिन चालू असताना घेतलेले माप

एकेकाळी एका घाटाच्या पायथ्याशी एक वृद्ध मिस्त्री गॅरेज चालवत असत. कोकणातून वर निघालेली वाहने त्यांच्या दारात थांबत, पाणी पीत आणि मग चढाला लागत. सगळे त्यांना आबा म्हणत. दूरच्या विद्यापीठात यंत्रशास्त्र शिकून परतलेला निनाद वर्षभरापासून त्यांच्या हाताखाली शिकत होता. त्याचे ज्ञान खोटे नव्हते. फक्त ते त्याला पुरेसे वाटत होते.

त्यांच्याकडे एके दिवशी कुबलकाकी आल्या. मालवणची मासळी त्या स्वतः गाडी हाकत कोल्हापूरच्या बाजारात नेत. परंतु बर्फाने आणि मासळीने भरलेली त्यांची जुनी पिकअप घाटात धापा टाकू लागे. त्या पोहोचेपर्यंत गिऱ्हाईक पांगलेले असे.

"आबा, एवढा हंगाम बघते," काकी म्हणाल्या. "नाही जमलं तर गाडी विकून टाकते आणि लेकीकडे जाऊन नातवंडं सांभाळते. मला ते आवडायचं नाही, लेकीलाही आवडायचं नाही."

आबांनी इंटरकूलर बसवायचे ठरवले. टर्बो इंजिनात हवा कोंबतो, पण कोंबताना ती तापते. इंटरकूलर तिला वाटेत थंड करतो आणि इंजिनाचा दम वाढतो. त्यासाठी हवा पुढच्या जाळीपर्यंत नेणारे आणि तिथून परत इंजिनात आणणारे पाइप लागतात.

"कूलर मी बसवतो," आबा निनादला म्हणाले. "पाइप कोणता, रबरी होज कुठे, ते सगळं तू ठरव."

निनादने आठ दिवस घेतले. जिथे जोड आहे तिथेच गळती होते, हे त्याला ठाऊक होते. म्हणून त्याने जोड शक्य तितके टाळले. टर्बोपासून कूलरपर्यंत अखंड ॲल्युमिनियमचा एकच पाइप, त्याला सौम्य बाक, टोकांना बोटभर रबर आणि मधोमध गाडीच्या सांगाड्याला घट्ट आवळलेली पट्टी. मापे त्याने तीनदा घेतली. पाइप बसला तेव्हा कुठे केसाएवढीही फट नव्हती.

आबांनी पाइपवरून हात फिरवला. "सुंदर झालाय," ते म्हणाले. मग त्यांनी तो उतरवून लोखंडी पकडीत आवळला, लोखंड कापायची करवत घेतली आणि शांतपणे पाइपचे दोन तुकडे केले.

निनादने दोन्ही तुकडे उचलून टोकाला टोक लावून पाहिले. गाडी न्यायला येऊन बाकावर बसलेल्या काकींनी विचारले, "आबा, पोराचं नाक कापलंत की माझ्या गाडीचं?"

"आठ दिवसांचं काम होतं ते," निनाद अखेर म्हणाला. "चूक होती तर आधी सांगायचं होतं. मापात कुठे फरक होता, दाखवा."

"मापात फरक नव्हता. काकी, जरा गाडीत बसा. हँडब्रेक ओढून ठेवा, गिअर टाका, क्लच अर्धा सोडा आणि रेस द्या. आणि तू इकडे ये. एक हात इंजिनावर, एक सांगाड्यावर."

काकींनी रेस दिली. निनादचा उजवा हात जागच्या जागी राहिला. डावा हात मात्र इंजिनासोबत उचलला गेला, कलला आणि रेस सुटताच खाली आला. दोन्ही हातांमधले अंतर चांगले दोन बोटे बदलले होते. त्याने काकींना पुन्हा रेस द्यायला सांगितली, मग आणखी एकदा.

"पुरे रे," काकी आतून म्हणाल्या. "डिझेल काय समुद्रातून काढते मी?"

आबा बाकावर टेकले. "तू तीनदा माप घेतलंस आणि तिन्ही वेळा गाडी बंद होती. बंद गाडीला तुझा पाइप अगदी योग्य आहे. पण काकी बंद गाडी घेऊन घाट चढत नाहीत. इंजिन हलणार, सांगाडा हलणार नाही, आणि या ओढाताणीत कुणीतरी मधे हवं. तू मधे कुणालाच जागा ठेवली नाहीस. हा पाइप आज तुटला नसता. एखाद्या वळणावर, काकी एकट्या असताना तुटला असता."

"मग सगळाच रबराचा करू?" निनादने विचारले. स्वरातला ताठरपणा अजून गेला नव्हता.

"रबर फुगतं. लांब होज लावलास तर टर्बोचा अर्धा जोर त्यालाच फुगवण्यात जाईल. लांबचं अंतर धातूनेच गाठायचं. होज फक्त तिथे, जिथे दोघांची हालचाल वेगळी आहे. आखूड, पण मधे फुगवटा असलेला. टर्बोच्या बाजूला जाड थरांचा आणि तेल सोसणारा, कारण तिथे सगळ्यात जास्त तापतं आणि हवेसोबत थोडं तेलही येतं."

"हे पहिल्या दिवशी सांगितलं असतंत तर?"

"तर तू ते नुसतं लिहून घेतलं असतंस," आबा म्हणाले आणि चहाला उठले.

कापलेल्या टोकांना निनादने कड उठवली, म्हणजे दाबाने होज निसटू नये. मधे दोन बोटांची फट राखून फुगवट्याचा होज चढवला आणि क्लॅम्प आवळले.

दुसऱ्या दिवशी काकी माल भरून निघाल्या तेव्हा तो सोबत बसला. अर्ध्या घाटात, एका रुंद वळणावर, त्याने गाडी थांबवायला लावली आणि बॉनेट उघडले. काकींनी रेस दिली. इंजिन कलले; त्याच्याकडचा पाइपचा तुकडा त्याच्यासोबत गेला, दुसरा स्थिर राहिला. मधला होज जरासा वाकला आणि पूर्ववत झाला. निनाद बराच वेळ ते पाहत राहिला.

"झालं का दर्शन?" काकी म्हणाल्या. "बर्फ वितळतोय तिकडे."

त्या दिवशी काकी बाजारात पोहोचल्या तेव्हा गिऱ्हाईक अजून टोपल्या घेऊन उभे होते. निनाद एसटीने परतला. सकाळी गॅरेजात एक जीप आली होती. त्याने मोजपट्टी खिशातच ठेवली आणि जीपवाल्याला म्हणाला, "आधी चालू करा."

आबांनी मान वर न करता करवत खुंटीला अडकवली.

ज्यांच्यासाठी आपण काही घडवू पाहतो, त्यांचे आयुष्य चालू असताना आपण त्यावर कधी हात ठेवला होता का, एवढे स्वतःला विचारावे.