आठ दिवसांची बुडालेली नाव

नदीने जिथं मोठं वळण घेतलंय, तिथं एक गाव होतं. गावात सटवा नावाचा नावाडी होता आणि सगळ्या गावाला मिळून त्याची एकच एक नाव होती. गोष्ट त्या नावेची आहे. खरं म्हणजे ती एका शब्दाची आहे, जो सटवाला वेळेवर बोलता आला नाही. पण ते पुढे. आत्ताच सांगितलं तर तुम्ही उठून जाल.

नदीकाठच्या माणसांना नदी कळते, असं लांब राहणारी माणसं म्हणतात. कसलं काय! रोज सकाळी त्याच पाण्यात तोंड धुतात, पण ते कधी चढतं आणि कधी उतरतं हे त्यांना दरवर्षी नव्याने सांगावं लागतं. दिवाळी झाली की पाणी ओसरायला लागतं. शिमग्याला मधल्या काळ्या खडकाची पाठ उघडी पडते. चैत्रात बाया लुगडी खोचून, गप्पा मारत, गुडघाभर पाण्यातून पलीकडे जातात. बैलगाड्याही जातात. मग नावेला कोण विचारतो? ती घाटावर जांभळीखाली पालथी पडून राहते. तिच्यावर कोणी मिरच्या वाळत घालतं, तिच्याखाली कोंबड्या अंडी घालतात. आणि मृगाच्या तोंडावर वर डोंगरात पाऊस झाला की नदी एका दिवसात पुरुषभर चढते. मग सगळं गाव घाटावर येऊन ओरडतं, “नाव कुठाय? नाव कुठाय?”

नाव पाण्याखाली असते. दरवर्षी असते. सटवाचा बाप तसंच करायचा, आजाही तसंच करायचा. चार महिने उन्हात पडलेल्या नावेच्या फळ्या आकसतात. दोन फळ्यांच्या मधून करंगळी जाईल एवढ्या फटी पडतात. त्यात कापूस आणि राळ भरायची, आणि मग नाव घाटाशेजारच्या संथ डोहात न्यायची. तिच्यात धोंडे भरून तिला मुद्दाम बुडवायचं, दोराने जांभळीला बांधून ठेवायचं, आणि आठ दिवस तिच्याकडे बघायचंसुद्धा नाही. लाकूड पाणी पितं, फुगतं, आणि सांधे आपोआप मिटतात. आठव्या दिवशी धोंडे काढले की नाव वर येते आणि पुढचे आठ महिने थेंब आत घेत नाही.

एवढंच आहे हो! यात न कळण्यासारखं काय आहे? पण दरवर्षी कोणी ना कोणी घाटावर यायचं, पाण्यात डोकवायचं आणि बोंब ठोकायचं, “अरे, नाव बुडाली!” दरवर्षी सटवा तेच सांगायचा. सांगून सांगून त्याची जीभ झिजली होती. सटवाची बायको कोंडाई चुलीशेजारच्या भिंतीवर रोज कोळशाची एक रेघ ओढायची. आठ रेघा झाल्याशिवाय ती त्याला डोहाकडे फिरकू द्यायची नाही.

त्या वर्षी गावातल्या शेंगांच्या बियाण्याला कीड लागली होती. म्हणून नागोजी पाटलांनी पलीकडच्या बाजारपेठेत भुईमुगाच्या बियाण्याची वीस पोती ठरवून ठेवली. सगळ्या गावाची पेरणी त्या वीस पोत्यांवर होती. ठरवली कधी? फाल्गुनात. आणली कधी? आणलीच नाहीत! चैत्र गेला, वैशाख गेला. नदी गुडघाभर. गाड्या पलीकडे जाऊन लग्नाचे बस्ते घेऊन आल्या, जत्रेची खेळणी घेऊन आल्या, पाटलांच्या घरचा नवा पलंगही आला. बियाणं तेवढं राहिलं. “उद्या आणू. नदी काय पळून जातीय?” असं ही माणसं म्हणत राहिली. मला तर नुसतं सांगतानाच कपाळावर हात मारून घ्यावासा वाटतोय.

मृगाला नऊ दिवस राहिले तेव्हा सटवाने नाव बुडवली. पाचव्या दिवशी डोंगरात वळीव कोसळला आणि दुपारपर्यंत नदी पायी ओलांडायची उताराची वाट पाण्याखाली गेली. पाणी चढलं तसे पाटील धावत घाटावर आले. मागे अर्धा गाव.

“सटवा, नाव काढ. बियाणं आणायचंय.”

सटवा जांभळीखालून उठून उभा राहिला. “पाटील, पाचच दिवस झाल्यात. आठ लागतात.”

“आठ लागतात म्हणून आठ घेशील होय? मृग चार दिवसांवर आलाय!”

आता इथं जरा हिशेब करा. पाचात तीन मिळवले की आठ होतात. मृगाला चार दिवस होते. म्हणजे तीन दिवस थांबूनसुद्धा एक दिवस हातात उरत होता. हे मला कळतं, तुम्हाला कळतं. सटवालाही कळत होतं. पण पाटील ओरडत होते, मागून गाव ओरडत होतं. एक जण म्हणाला, “ह्याला आयतं बसायची सवय लागलीय.” दुसरा म्हणाला, “चांगली नाव पाण्यात कुजवतोय, आणि वर आपल्यालाच शिकवतोय.” त्यावर सगळे हसले. सटवाच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

कोंडाई धावत घाटावर आली. तिच्या बोटांना अजून कोळसा लागलेला होता. ती नवऱ्याला म्हणाली, “अवं, नाही म्हणा की! तोंड हाय नव्हं तुम्हाला?”

सटवाने खाली मान घातली. मोठ्या माणसाला तोंडावर नाही कसं म्हणायचं, हा त्याचा जन्माचा घोळ. तो म्हणाला, “बघू. काढतो.” आणि पाण्यात उतरून एकेक धोंडा बाहेर टाकायला लागला.

कोंडाईने तिथंच घाटाच्या पायरीवर बसकण मारली आणि ती पाटलांसकट सगळ्यांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली, “करा काय करायचं ते!”

नाव निघाली. सटवा वल्ह्यावर, सोबत पाटील आणि ओझी उचलायला चार गडी. जाताना नाव हलकी होती, तरी तळाशी पाणी झिरपत होतं. सटवा एका हाताने डब्याने पाणी उपसत होता. पाटलांनी पाय वर घेतले आणि ते मांडी घालून बसले. ओल्या धोतराचा त्यांना राग आला, पण धोतर का ओलं झालं हे काही त्यांनी विचारलं नाही.

पलीकडच्या काठावर वीस पोती रचून ठेवलेली होती. देवाने सटवाला इथं दुसरी संधी दिली. बोल की बाबा! आता तर तू डोळ्यांनी पाणी बघितलंस!

सटवा म्हणाला, “पाटील, थोडी कमी घेतली तर...”

“कमी कशाला? आभाळ बघ जरा. दोन खेपा करत बसू?”

“नाही, म्हणजे...” सटवा म्हणाला, आणि गप्प बसला. झालं. चढली वीसच्या वीस पोती.

ओझ्याने नाव खाली बसली. हलक्या नावेत जे पाणी झिरपत होतं, ते आता जोराने आत यायला लागलं. काळ्या खडकाजवळ, ऐन धारेत, पाणी पोत्यांच्या तळाला लागलं. गडी हाताने, टोपीने, मिळेल त्याने उपसायला लागले. नाव काही वर येईना. वल्हं जड झालं आणि नावेचं तोंड वाकडं फिरलं.

तेव्हा कुठं सटवाला कंठ फुटला. तो जन्मात पहिल्यांदा पाटलांवर ओरडला, “पोती टाका! टाका म्हणतो ना! नाहीतर सगळे मराल!”

पाटलांनी एका पोत्याला मिठी मारली. “अरे, हे बियाणं आहे! सगळ्या गावाची पेरणी आहे ही!”

“माणसं राहिली तर पेरतील!” सटवा म्हणाला आणि त्याने पायाने पहिलं पोतं नदीत लोटलं.

एकामागून एक सतरा पोती नदीत गेली. पाटलांचं पागोटंही गेलं, ते कुणी मोजलं नाही. नाव कशीबशी काठाला लागली तेव्हा तिच्यात सहा माणसं होती, तीन पोती होती आणि गुडघाभर पाणी होतं.

घाटावर सगळं गाव उभं होतं. कुणाच्या तोंडून शब्द निघेना. दुपारी याच तोंडांतून काय काय निघत होतं! एका म्हातारीने पदराने डोळे पुसले. तिचं एवढंसं शेत होतं आणि त्यात शेंगांशिवाय दुसरं काही पिकत नव्हतं.

पाटील बोडक्या डोक्याने पायरीवर बसले. सटवाला वाटलं, आता शिव्या येणार. पण पाटलांनी हळू आवाजात विचारलं, “सटवा, नाव गळणार हे तुला ठाऊक होतं?”

“व्हतं, पाटील.”

“मग नाही का म्हणाला नाहीस?”

“तुम्ही पाटील. तुम्हाला नाही कसं म्हणायचं?”

पाटलांनी कपाळ बडवून घेतलं. “अरे, मी पाटील तो गावात, चावडीवर! पाण्यात मला पोहतासुद्धा येत नाही! तिथं तू सांगायचंस आणि मी ऐकायचं. मी ओरडलो, माझं चुकलं. पण मला नदीतलं काय कळतं? तुला कळत होतं ना! मग तू का गिळून बसलास?”

 सटवाने म्हातारीकडे बघितलं आणि तो हमसून हमसून रडला.

तीन पोती बियाणं घराघरात वाटलं. कुणाच्या पदरात दोन ओंजळी पडल्या, कुणाच्या एक. उरलेल्या रानात ज्याला जे मिळालं ते त्याने पेरलं, आणि पुष्कळ रान पडीक राहिलं. म्हातारी त्या वर्षी लेकीच्या गावी जाऊन राहिली. आणि चीड आणणारी गोष्ट सांगू? वाहून गेलेली दोन-तीन पोती खालच्या वळणावर फुटली, आणि पंधरा दिवसांनी तिथल्या गाळात भुईमुगाचे हिरवेगार कोंब आले. कुणाच्या मालकीचं रान नाही, कुणी नांगर धरला नाही. गुरांनी खाऊन टाकले.

पुढच्या वर्षी वैशाखात सटवाने नाव डोहात नेली, धोंडे भरले आणि बुडवली. बियाणं यंदा आधीच गाडीतून आलं होतं, एवढी अक्कल गावाला आली होती. पण तिसऱ्याच दिवशी वळवाने नदी चढली आणि पाटील तरातरा घाटावर आले. पलीकडच्या गावी त्यांच्या साडूच्या घरी वास्तुशांत होती. सवय जाते थोडीच?

“सटवा, नाव काढ!”

  सटवाने एकदा डोहाकडे बघितलं, मग पाटलांच्या डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, “नाही.”

 पाटलांचा चेहरा लाल झाला. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. मग त्यांनी वळून पायरीवर उभ्या असलेल्या कोंडाईला विचारलं, “कोंडाई, रेघा किती झाल्या?”

“तीन,” कोंडाई म्हणाली.

पाटलांनी धोतर खोचलं. घाटावरचा एक धोंडा दोन्ही हातांनी उचलला, ते कमरेएवढ्या पाण्यात उतरले आणि तो बुडालेल्या नावेत ठेवून आले.

तात्पर्य: ज्याला काम कळतं त्याने भिडेपोटी गप्प बसू नये; समोरचा कितीही मोठा असो, वेळेवर स्पष्ट ‘नाही’ म्हणावं. आणि ज्याला कळत नाही, त्याने ते ऐकावं.