गुणाजीची तिसरी सुरी

एका गावात एक भोळा घरजावई होता. नाव गुणाजी. सासरा येसाजी लोहार. येसाजीला मुलगा नव्हता, एकच मुलगी, कौसा.

येसाजीच्या डोळ्यांना आता कमी दिसू लागलं होतं. त्यानं ठरवलं, खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की घण जावयाच्या हाती द्यायचा. पण त्याआधी जावयानं एक धड सुरी करून दाखवायची. नाही जमली तर भट्टी विझवायची. चार पिढ्यांची भट्टी हसं करून घेत जळण्यापेक्षा विझलेली बरी.

गुणाजी ताकदीचा होता. विसराळूही नव्हता. एकदा सांगितलेलं तो जन्मात विसरत नसे. दुखणं तेच होतं.

दुसरं दुखणं रिवाजाचं. मुलगा असता तर येसाजीनं सांडशीनं समजावलं असतं. जावयाला 'जावईबापू' म्हणावं लागे. म्हणून येसाजी दात आवळून एखादंच वाक्य बोले. जास्त बोलायला गेलं तर शिवी बाहेर पडेल, ही धास्ती.

पहिली सुरी जीपच्या कमानीच्या, म्हणजे स्प्रिंगच्या, पाट्याची. गुणाजीनं पाटा तापवला, ठोकला, झकास पातं काढलं. मग लाल करून पाण्यात घातलं. टच्. या टोकापासून त्या टोकापर्यंत तडा.

येसाजी म्हणाला, "जावईबापू, लाल झालं की पाण्यात नाही. तेलात."

"बरं मामा."

दुसऱ्या दिवशी सटवाजी गाडीवान बैलगाडीचं चाक घेऊन आला. चाकाला लोखंडी धाव बसवायची होती. धाव लाल करून लाकडी चाकावर चढवतात आणि लगेच पाणी ओततात. ती आवळून बसते. येसाजी जेवायला घरात गेला होता. गुणाजीनं धाव लाल केली, चढवली आणि वरून डबाभर तेल ओतलं.

चाक छान पेटलं. सटवाजीनं गाडीचं राहिलेलं चाक आधी काढून घरी ठेवलं, मग भांडायला आला.

येसाजी त्या दिवशी एक वाक्यही बोलला नाही.

दुसरी सुरी गुणाजीनं तेलात बुडवली. तडा गेला नाही. पण हातातून निसटून दगडावर पडली आणि दोन तुकडे झाले. येसाजीनं तुकडे उचलले, डोळे मिटले आणि सांगितलं की कडक झालेलं ठिसूळ असतं, ते पुन्हा मंद आचेवर धरायचं, सोनेरी रंग आला की काढायचं, मग फुटत नाही.

"बरं मामा."

दुपारी येसाजी आडवा झाला. झोपण्याआधी चष्मा जावयाच्या हाती दिला. म्हणाला, जपून ठेवा, काच आहे, फुटेल.

फुटेल म्हणजे ठिसूळ. गुणाजीनं चष्मा मंद आचेवर धरला. सोनेरी रंग काही येईना. काड्या ओघळून निखाऱ्यात पडल्या, तरी तो धरून बसला. माणूस चिकाटीचा.

आता येसाजीला रंगच दिसेना. खंडेनवमी चार दिवसांवर आली. शेवटी त्यानं पेटीतलं जुनं लोहचुंबक काढलं, बापाच्या हातचं.

"जावईबापू, याला डोळे लागत नाहीत. चुंबक चिकटेनासं झालं की पुरतं तापलं. मग वेळ घालवायचा नाही, बुडवायचं."

"बरं मामा."

आणि जमलं. चुंबक चिकटेनासं होताच गुणाजीनं सुरी तेलात घातली. नंतर मंद आचेवर धरली. सोनेरी रंग कौसानं पाहिला आणि काढा म्हणाली. येसाजीनं त्या सुरीनं बाभळीचा ओला फोक सपकन तोडला. धार तशीच.  म्हाताऱ्यानं पूजेसाठी नारळ आणायला सांगितलं आणि बराच वेळ ऐरणीवर हात ठेवून बसला.

खंडेनवमीच्या सकाळी येसाजीला हुडहुडी भरली. भट्टीपाशी कांबळं पांघरून पडला. कौसा चुलीपासून म्हणाली, "अहो, आबांचं अंग तापलंय का बघा."

बघायचं कसं, हे गुणाजीला ठाऊक होतं. त्यानं चुंबक म्हाताऱ्याच्या कपाळाला लावलं. चिकटलं नाही. नाकाला लावलं. पोटाला लावलं. कुठेच चिकटलं नाही. मामा पुरते तापले होते.

त्यानं कांबळं काढून नीट घडी घातली. सांडशी अपुरी पडली म्हणून हातांनी उचललं. पातं टोकाकडून बुडवतात, म्हणून मामांना डोक्याकडून तेलाच्या पिपात घातलं.

कौसानं धावत येऊन बापाला पाय धरून बाहेर ओढलं. येसाजीनं तेल थुंकलं आणि रिवाज मोडला. शिव्या इतक्या जुन्या होत्या की कौसानंही पहिल्यांदाच ऐकल्या. शेवटी दम लागला तेव्हा म्हणाला, "घण कौसाचा. तू भाता ओढ."

"बरं मामा," गुणाजी म्हणाला. लगेच जाऊन भात्याशी बसला, हलक्या हातानं वारा दिला आणि कौसाकडे वळला.

"त्यांना आपटू नकोस, फार ठिसूळ झालेत. इकडे आण. आणि सोनेरी झाले की सांग."