गोप्याचं नाक

“मग देवानं सावरीचा कापूस केला तरी कशाला, बाबा?”

गोंदाजी शिंप्यानं असं विचारलं आणि खांद्यावरचं गाठोडं मठाच्या ओसरीवर टाकलं. विचारायला तो आलाच नव्हता. होकार न्यायला आला होता.

भुजंगबाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी नुसतं गाठोड्याकडं पाहिलं.

गाठोड्यातून गादी निघाली. अशी फुगलेली, की हात ठेवला तर मनगटापर्यंत आत जावा. मग दोन लोड, दोन्ही कुशींना लावायचे. मोहरीची उशी. झालरीचं जाड दुपटं. वर जरीचं टोपडं. शिंप्याच्या पहिल्या नातीचं बारसं उद्यावर आलं होतं, आणि त्याच्या हाताला पंचक्रोशीत तोड नव्हती. पंचक्रोशी हे म्हणायच्या आधी तो स्वतःच म्हणून मोकळा व्हायचा.

अडचण एकच होती. लेक.

शेवंता बाळंतपणाला माहेरी आलेली. तिनं गादी पाहिली आणि ही पाळण्यात नको म्हणून सरळ सांगितलं. उपकेंद्रातल्या नर्सबाई बजावून गेल्या होत्या, बाळ उताणं निजवा, खाली सपाट आणि घट्ट हवं, उशी नको, लोड नको, तोंडाजवळ मऊ म्हणून काही नको. गोंदाजीचं डोकं फिरलं. उभा जन्म सुई धरली ती ह्याचसाठी का? शिंप्याच्या घरचं पोर कैद्यासारखं फळीवर निजणार? पण लेक कुणाची, त्याचीच. ती म्हणाली, ही गादी पाळण्यात गेली तर पोर माझ्या मांडीवरून उठणार नाही, तुम्ही खुशाल रिकामा पाळणा हलवा.

म्हणून बाप मठात. बाबांनी गादीवर एकदा हात ठेवला, की लेकीचं तोंड बंद.

“हात ठेवा, बाबा. दुसरं काही मागत नाही.”

बाबांनी हात ठेवला नाही. ते स्वतः निजायचे फरशीवर. दर दिवाळीला गोंदाजी त्यांना गादी शिवून आणायचा आणि दर दिवाळीला ती परत घेऊन जायचा. जोग्याला मऊ कशाला, एवढंच उत्तर मिळायचं.

आज बाबांनी दाणे चघळता चघळता उलट विचारलं,

“बारशाला पाळण्यात आधी कोण जातं रे?”

“गोप्या.”

हे शेंबड्या पोरालाही ठाऊक. बाळाच्या आधी घरच्या वरवंट्याला टोपडं घालायचं, त्याला गोप्या म्हणायचं, पाळण्याच्या खालून वरून फिरवायचं आणि निजवायचं. बाळ दगडासारखं दणकट होऊ दे म्हणून. मग बाळाची पाळी.

“तर मग गोप्याला आजच निजवू,” बाबा म्हणाले.

मठाचा स्वयंपाक म्हाळसाबाईकडं. तिनं वरवंटा आणला, पण मुकाट्यानं नव्हे. वाटण अर्धं राहिलं होतं. वेळेत परत नाही मिळाला तर आमटी बिनवाटणाची गिळा, असं तिनं बाबांनाच सुनावलं. बाबांनी मान हलवली. जगात ते ह्या एकाच माणसाला भीत.

“तोंड काढ त्याला,” बाबा गोंदाजीला म्हणाले.

गोंदाजीच्या खिशात खडू असतोच. धुऊन पुसलेल्या दगडावर त्यानं डोळे काढले, तोंड काढलं, नाक काढलं. नाक जरा आपल्या घराण्याचं काढलं, लांबट. बाबांनी शेंगांची भली मोठी टोपली पालथी करून रिकामी केली. तोच पाळणा. तीत गादी गेली, लोड गेले, उशी गेली. टोपडं घालून गोप्याला उताणा निजवला आणि छातीपर्यंत दुपटं ओढलं. दिसत होता मात्र राजबिंडा.

“बघा,” गोंदाजी म्हणाला. “बघा आता सुख.”

बाबांनी पायानं टोपली डोलवायला घेतली आणि नात कशी आहे म्हणून विचारलं.

झालं. नात जांभई कशी देते, मूठ कशी वळते, तिचं कपाळ कसं थेट त्याच्या आईचं, आणि बाप जवळ गेला की रडते पण आजा गेला की कशी गप होते… शिंप्याची जीभ सुटली ती सुटलीच. म्हाळसाबाईनं चहा ठेवला. तो निवला. तरी नात संपेना.

“गोंदाजी, गोप्या कुठाय रे?”

त्यानं वळून पाहिलं. टोपलीत गादी होती. लोड होते. दुपटं होतं. गोप्या नव्हता.

मऊ गादीत दगड खचला होता. डोलता डोलता कुशीवर झाला होता, कुशीवरून पालथा. एक लोड त्याच्या पाठीवर कलंडला होता आणि वरून झालरीचं दुपटं सरकलं होतं.

गोंदाजीनं लोड भिरकावला. दुपटं ओढून काढलं. दगडासाठी कुणी एवढी घाई करत नाही. उचलून त्याला उलटा केला.

डोळे तेवढे होते. नाक पुसलं गेलं होतं. तोंडही.

नाक गादीवर उमटलं होतं. पांढरं, लांबट, घराण्याचं.

…

वरवंटा त्यानं खाली ठेवलाच नाही. मांडीवर घेऊन बसला, डोक्याखाली हात देऊन.

“आवाजसुद्धा नाही आला, बाबा.”

“तोंड गादीत होतं.”

…

“तू कापड बेततोस कशावर?” बाबांनी विचारलं.

“फळीवर.”

“गादीवर का नाही?”

“मऊवर कापड ठरत नाही. कुठंही सरकतं, अन् मग माप…”

बाबा सांडलेल्या शेंगा वेचू लागले.

मग शिंपी आपल्याशीच पुटपुटायला लागला, गिऱ्हाइकाचं माप घेताना पुटपुटतो तसा. पातळ गादी. ठासून भरलेली, दाबली तरी दबायची नाही. पाळण्याच्या बरोबर मापाची, कडेला बोट शिरता कामा नये. वर एक सुती चादर, ताणून खाली खोचलेली. त्यावर पोर, उताणी. बस्स. आत्ता घरी गेलं तर दिवेलागणीपर्यंत शिवून होईल. आणि लेकीला काय सांगायचं? काही नाही. शिवून पुढ्यात ठेवायचं, तिला कळेल.

एवढं ठरलं, आणि तरी त्याचा चेहरा उतरला.

“पण बाबा, उद्या सगळं गाव पाळण्यात डोकावणार. झालर नाही, जरतार नाही, लोड नाहीत. त्यांना दिसणार तरी काय?”

“पोर.”

म्हाळसाबाई दारात फसकन हसली. गोंदाजीनं तिच्याकडं रागानं पाहिलं, पण राग धरवेना. त्यालाही हसू फुटलं. तिनं त्याच्या मांडीवरून वरवंटा काढून घेतला, टोपडं त्याच्या हातात दिलं आणि आज आमटीला शिंप्याच्या खडूची चव येणार म्हणून सांगत आत गेली.

गोंदाजीनं लोड, उशी, दुपटं गाठोड्यात कोंबलं. गादी हातात घेऊन तो घुटमळला. खडूचं नाक तिच्यावर तसंच होतं.

“आता हिचं काय करू?”

बाबांनी गादी त्याच्या हातातून घेतली. फरशीवर टाकली, तिच्यावर डोकं टेकलं आणि ऐसपैस आडवे झाले. गोंदाजी तोंड उघडं टाकून बघत राहिला. एवढ्या दिवाळ्या…

बाबांनी डोळे मिटले.

“राहू दे इथंच. मला कूस बदलता येते.”