काठाच्या राखणीची पाळी

एका नदीच्या काठाकाठाने उंबर, जांभूळ आणि करंजांचं दाट जंगल होतं, आणि त्या जंगलावर बरीच बिऱ्हाडं पोसली जात असत. वानर फळं खाई, साळिंदर कंद उकरी, आणि पाणमांजर उंबराच्या मुळांखालच्या बिळात पिल्लं वाढवून समोरच्या डोहात मासे धरी. तिथला रिवाज असा, की काठावर जो चरेल त्याने पोट भरल्यावर थोडा वेळ तिथेच राखणीला बसायचं, आणि परकं कोणी दिसलं तर हाक द्यायची. आता खरं सांगायचं, मुलांनो, तर राखणीला बसलेले निम्मे जण डुलक्याच काढत. पण रोजचं गिऱ्हाईक दुकानाच्या पायरीवर नुसतं बसलेलं असलं, तरी चोर आत शिरायला कचरतो. तसंच ते होतं.

एका वर्षी उंबरं फार कमी धरली. म्हाताऱ्या सांबराने सगळ्यांना बोलावलं आणि जंगलाच्या कडेने गोट्यांची ओळ मांडली. "आजपासून पाणमांजर सोडून कोणी या ओळीच्या आत पाऊल टाकायचं नाही. जंगलाला विश्रांती हवी."

"मग आम्ही खायचं काय, आजोबा?" साळिंदराने विचारलं.

"डोंगरावर कंद आहेत की."

"ते कडू असतात."

"तुझी जीभच कडू आहे," वानर म्हणाला, आणि सगळे हसले.

"बरं, आणि राखण?"

"आत कोणी जाणारच नाही, तर राखायचं कोणापासून?" सांबर म्हणालं. हे सगळ्यांना पटलं. राखणीच्या पाळ्या बंद झाल्या आणि जो तो डोंगराकडे पांगला.

थोड्याच दिवसांत पलीकडच्या तीरावरून रानडुकरांचा कळप नदी उतरून आला. त्या बाजूला ना गोटे होते, ना कोणी हाक देणारं. डुकरांनी मुळं उकरायला सुरुवात केली. उकरता उकरता ती उंबरापाशी आली, तशी दरड खचली आणि पाणमांजराच्या बिळाचं तोंड मातीने बुजलं. पाणमांजर डोहातून धावत ओळीपाशी आलं आणि डोंगराकडे तोंड करून ओरडलं, "सांबरआजोबा, डुकरं काठ पोखरतायत. माझी पिल्लं आत अडकलीत."

सगळे पळत आले, आणि गोट्यांपाशी येऊन थबकले.

"ओळ आहे," वानर म्हणाला. "आपणच मांडलेली. ओलांडायची कशी?"

"आज राखणीची पाळी कोणाची?" साळिंदराने विचारलं.

"पाळ्या बंद केल्यात ना," सांबर म्हणालं.

"मग माझीच समजा," असं म्हणून साळिंदर गोटे ओलांडून आत गेलं. काटे फुलवून, खुळखुळ वाजवत, डुकरांकडे पाठ करून ते उलटं उलटंच त्यांच्या अंगावर चालून गेलं. ते पाहून वानराने उंबरावर उडी घेतली आणि फांदी गदगदा हलवली. सांबराने खूर आपटत असा आवाज काढला, की डुकरांचा म्होरक्या गुरगुरत मागे फिरला. त्याच्यामागे सगळा कळप पाण्यात उतरून पलीकडे गेला.

पाणमांजराने माती उपसली. आधी एक नाक बाहेर आलं, मग दुसरं. तिसरं पिल्लू बाहेर येताच जोरात शिंकलं.

"शिंकतंय म्हणजे बरं आहे," वानर म्हणाला.

सांबर खुराने एकेक गोटा बाजूला सारू लागलं. "पण उंबरं कमी आहेत, हेही खोटं नाही," ते पुटपुटलं.

"नाहीच, आजोबा," साळिंदर म्हणालं. "ओळ नको, नेम घाला. वानराने खाली पडलेलंच फळ खावं. मी कंद काढला, की त्याचा कोंब परत पुरीन."

"आणि पाळी?"

"ती तर आधी."

त्या संध्याकाळी साळिंदराने कितीतरी दिवसांनी गोड कंद खाल्ला, कोंब नीट पुरला, मग ते उंबराखाली राखणीला बसलं आणि बसल्या बसल्या घोरायला लागलं.

"आई, राखणदार झोपला," पिल्लू कुजबुजलं.

"झोपू दे," पाणमांजर म्हणालं. "इथे आहे ना, तेवढं पुरे."

तात्पर्य : ज्यांचं पोट जंगलावर चालतं त्यांना बाहेर काढून जंगल राखलं जात नाही, नेमाने खाणारे आणि पाळीने राखणारे असले, तरच ते टिकतं.