बिरजामायचा पहिला गोळा

फार वर्षांपूर्वी, पळसमोडात विहीर एकच होती आणि भांडायची जागाही तीच, तेव्हा तिथे बिरजाबाई नावाची लिंपणारी राहायची. तिनं लिंपलेली मातीची भिंत भर वैशाखातही तडकत नसे, असं म्हणतात.

एका सालात गावावर ताप आला. महिनोन्‌महिने उतरेना. अंग काळवंडायचं, हातपाय काड्या व्हायचे आणि पोट तेवढं फुगायचं. गावाचा रिवाज असा, की घरात कुणी आजारी असलं तर भिंतीला माती लावायची नाही, आणि माणूस गेलं तर वर्षभर नाही. देवी रुसते म्हणे. बिरजाबाईनं रिवाज पाळला. तिचा थोरला लेक मनगू सहा महिने भेगाळलेल्या भिंतीशी पडून राहिला आणि गेला. राहिली धाकटी सोनरू.

एका संध्याकाळी सोनरू त्याच भिंतीला टेकून जेवत होती. भेगेतून तिळाहून बारीक, भुरकट माशी निघाली. आवाज नाही. टुणटुण उड्या मारत आली आणि पोरीच्या दंडावर बसली. मागून दुसरी, तिसरी. शिकलेले लोक पुढे तिला वाळूमाशी म्हणाले, आणि तो ताप तिच्याच चाव्यानं पसरतो म्हणाले. मनगूही दंडच खाजवायचा, हे बिरजाबाईला आठवलं. तिनं तिथेच माती कालवली.

पाटील धावत आले. "बिरजे, वरीस नाई झालं अन् भिंतीले हात लावतं? देवी कोपन!"

"कोपू द्या, पाटीलबाबा. रिवाज पाळला अन् एक लेकरू गेलं. हे दुसरं नाई देत मी."

आधी तिनं आपलं घर लिंपलं, मग आजाऱ्यांची. टोपली एकच, पण माती सरली नाही. हात आढ्यापर्यंत लांबला, असं म्हणतात. भेगांतून माश्यांचा भुरका धूर निघून रानात गेला. मी तो पाहिला नाही. ज्यानं मला सांगितलं त्यानंही पाहिला नव्हता.

जे आधीच खाटेवर होते, त्यांतले काही गेलेच. माती म्हणजे औषध नव्हे. पण नवं माणूस तापलं नाही. सोनरू तर नातवंडं खेळवून म्हातारी झाली.

आजही पळसमोडात कुणी तापलं तर त्याला दवाखान्यात नेतात, आणि शेजारी मातीचं घमेलं घेऊन दारात येतात. बिरजामायचं नाव घेऊन घरातल्या भेगा बुजवतात. पहिला गोळा मात्र तिच्या नावाचा नसतो, तशी तिचीच ताकीद होती. तो खाटेच्या उशाकडच्या भिंतीला लावतात आणि म्हणतात, "हा मनगूचा. लावायचा राहून गेला होता."